ओलं जॅकेट आणि कारवानीची कंबर

खुंटीवर असताना त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. फिकट राखाडी रंग, पाठभर पसरेल एवढं कापड, पोटाखालून येणारी रुंद पट्टी, कुशीला दोन बकलं, मानेपाशी साखळी बाहेर काढायला ठेवलेली चीर. वजन पाव किलोच्या आसपास. हातात घेतलं तर जाडच लागतं. मे महिन्यातल्या सोलापुरात कुत्र्याच्या अंगावर असलं जाड कापड कशाला, असं ते पाहणारा जवळजवळ प्रत्येक माणूस विचारतो. प्रश्न रास्त आहे. कोरडं असताना हे कूलिंग जॅकेट कुत्र्याच्या काडीच्याही उपयोगाचं नाही. त्याचं आयुष्य बादलीत सुरू होतं.

पाण्यात टाकलं की आधी ते तरंगतं. हाताने दाबलं की बुडबुडे सोडतं, मग मधला थर पाणी प्यायला लागतो आणि जॅकेट जड होऊन तळाशी बसतं. दोन-चार मिनिटांनी काढून पिळायचं. ठिबकणं थांबावं पण ओल राहावी, इतपतच. आता वजन पाऊण किलो. त्याचे तीन थर आपापल्या कामाला लागतात. वरचा फिकट थर ऊन परतवतो, मधला पाणी धरून ठेवतो, आतली जाळी अंगाला लागून कातडीची उष्णता त्या पाण्यापर्यंत पोचवते. माठ ज्या न्यायाने पाणी गार करतो, त्याच न्यायाने हे कुत्र्याला गार ठेवतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती जवळ जे असेल त्यातून घेतली जाते. एक ग्रॅम पाणी उडून जायला सुमारे ५८० कॅलरी लागतात. जॅकेटमधलं अर्धा लिटर पाणी उडालं तर हिशेब २९० किलोकॅलरींवर जातो. २२ किलोच्या कुत्र्याचं अंग एका अंशाने तापायला साधारण १८ किलोकॅलरी पुरतात, हे शेजारी ठेवून पाहिलं की या साध्या दिसणाऱ्या कापडाची ताकद कळते.

ही सगळी ताकद मात्र कुत्र्याच्या वाट्याला येत नाही. जॅकेट उष्णता कुणाकडूनही घेतं. उन्हाकडून, गरम वाऱ्याकडून, आणि अंगाला टेकलेलं असेल तर कातडीकडून. जिथे ते अंगापासून सुटून लोंबतं तिथे त्याचं पाणी उडतं, ओल संपते, पण गार होतो तो वारा. कापड कुठल्या कंपनीचं, थर किती, किंमत काय, हे सगळं मागाहून. ते कुत्र्याला किती ठिकाणी आणि किती नीट टेकतं, यावर त्याची सगळी कर्तबगारी ठरते.

आता ज्याच्या अंगावर ते चढतं त्या अंगाबद्दल. आमची हरणी कारवानी जातीची. सांगोला, मंगळवेढा, जत या कोरड्या पट्ट्यात धनगरांच्या वाड्यावर आणि शेतवस्तीवर ही कुत्री पिढ्यानपिढ्या आहेत. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात याच बांध्याच्या कुत्र्यांना मुधोळ हाऊंड म्हणतात, आणि कानाशेपटीला लांब मऊ केस असले तर आपल्याकडे त्यांना पश्मी म्हणतात. पूर्वी ही सशामागे सोडली जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ते बंद झालं पाहिजे होतं, आणि जिथे झालेलं नाही तिथे व्हायला हवं. पण धावणं तिच्या हाडात आहे. मोकळं माळरान दिसलं की हरणी मागेपुढे पाहत नाही. लांब निमुळतं तोंड, डोक्यापेक्षा रुंद मान, कोपरापर्यंत उतरलेली खोल छाती, आणि छातीच्या मागे एकदम वर चढून गेलेलं पोट. तिच्या छातीचा घेर ७० सेंटीमीटर आहे आणि कंबरेचा ४८.

कुत्र्याला घाम येतो तो नावापुरता, पंजाच्या गाद्यांमधून. बाकी सगळा भार जिभेवर आणि श्वासावर. तापलेला कुत्रा मिनिटाला ३०० पेक्षा जास्त वेळा धापा टाकतो. कारवानीचे केस आखूड, त्याखाली लोकरीचा थर नाही, कातडी पातळ, चरबी जवळजवळ नाहीच. हवा अंगापेक्षा गार असते तोवर असं सडपातळ शरीर भराभर निवतं. पण कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तेव्हा तेच पातळ अंग बाहेरची उष्णता आत घ्यायला लागतं. धावताना स्नायूंची उष्णता आतून येते ती वेगळीच.

इथे जॅकेटचं खरं काम निघतं. जर्मन शेफर्डसारख्या दाट लोकरीच्या कुत्र्यावर ते घातलं तर केसांची टोकं भिजतात आणि गारवा कातडीपर्यंत फारसा पोचत नाही. कारवानीच्या अंगावर मात्र ओली जाळी आणि कातडी यांच्यात जवळजवळ काहीच नसतं. या जॅकेटला याहून चांगलं अंग मिळणार नाही. आणि बाजारातलं जॅकेट नेमकं याच अंगाला बसत नाही.

कारण ते बेतलेलं असतं लॅब्रेडॉरच्या अंगावर, ज्याची छाती आणि कंबर यांत फार फरक नसतो. मापाच्या तक्त्यात तीन रकाने असतात: गळा, छाती, पाठीची लांबी. कंबर कुणी विचारतच नाही. हरणीच्या छातीचं माप घेऊन जॅकेट आणलं तर छातीला नीट बसतं, आणि बरगड्या संपल्या की मागचं कापड पोटाखाली झोळ पडून लोंबतं. पाठीच्या लांबीवरून घेतलं तर छाती मोठी होते. एक माप खालचं घेतलं तर बरगड्या आवळल्या जातात, आणि जिचा सगळा गारवा धापांवर अवलंबून आहे तिच्या बरगड्या आवळणं म्हणजे जॅकेटच्या एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

झोळ पडलेलं ओलं कापड धावताना स्वस्थ बसत नाही. कारवानी भरधाव सुटते तेव्हा एका झेपेत चारही पाय दोनदा हवेत असतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा पाय पोटाखाली मिटलेले असताना. दर झेपेला पाठीचा कणा मिटतो आणि उघडतो. अर्धा किलो पाणी घेतलेलं ढिलं जॅकेट या हालचालीत आधी एका कुशीला सरकतं, मग पोटाखाली जातं, आणि पाठीवर उन्हाला तोंड देण्यासाठी असलेला भाग जमिनीकडे पाहू लागतो. मुंढ्याची कड काखेत घासते. पातळ कातडीला ओल्या कापडाची घासणी फार लवकर लागते. अर्ध्या तासात काख लाल होते. दोष कुत्र्याचा नाही आणि कापडाचाही नाही. बेतणाऱ्याने हे अंग डोळ्यांपुढे ठेवलेलं नसतं.

हरणीचं जॅकेट शेवटी तिच्या मापाचं झालं ते बेंदूर-पोळ्याला बैलांच्या झुली शिवणाऱ्या एका शिंप्याच्या हातून. त्यांना जनावराचं अंग माहीत. त्यांनी हरणीला ओट्यावर उभं केलं, टेप न घेताच दोन्ही कुशींवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ताई, हिला कंबर आहे, कापडाला नाही." मग खडूने खुणा केल्या. बरगड्या संपतात तिथून शेपटीकडे दोन्ही बाजूंनी टक घेतले. मुंढा दोन बोटं खोल कापला, म्हणजे कोपर मागे जाताना कापडाला लागणार नाही. पुढचा गळा खांद्याच्या सांध्याच्या वर घेतला, कारण त्या सांध्यावर कापड आलं की पाय पुढे टाकताना अडतो. कापलेल्या कडांमधून मधला थर बाहेर येऊ नये म्हणून सुती गोट लावला आणि शिवणीची जाडी बाहेरच्या अंगाला ठेवली. पोटाखालची पट्टी छातीच्या हाडावर आणली. तिथे केस विरळ, आणि तिथला ओलावा कामाचा. काखेजवळचं बकल काढून वर कुशीवर नेलं. हे सगळं करताना त्यांनी जॅकेट एकदाही कोरडं घालून पाहिलं नाही. "ओलं करून आणा," म्हणाले. पाणी प्यालेलं कापड ताणतं आणि खाली ओढलं जातं, म्हणून कोरड्या कापडाचं माप त्यांना नकोच होतं. दुकानात उभं राहून घेतलेल्या मापावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

ज्यांना तयार जॅकेट घ्यायचंय त्यांना मी हेच सांगते. कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना मापं घ्या. गळा पट्ट्याच्या जागी मोजू नका, मान जिथे खांद्यात मिळते तिथे मोजा. छाती कोपराच्या लगेच मागे, पाठ खांद्याच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि कंबर सर्वांत बारीक असेल तिथे. जॅकेटला मागच्या बाजूला आवळता येणारी पट्टी किंवा ताणणारं कापड असेल तरच ते सडपातळ कुत्र्यासाठी विचारात घ्या. बदलून मिळेल का ते आधी विचारा, आणि मिळणार असेल तर घरी आणून स्वच्छ पाण्यात भिजवून घाला. पट्टीखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. तीन सरकली तर ढिलं. मग चालवा, बसवा, वळवा, अंगणात धाववा आणि वरून पहा. मधली शिवण कण्यावरून हललेली असेल तर ते जॅकेट त्या कुत्र्याचं नाही. बर्फाच्या पिशव्या भरायचे कप्पे असलेली जॅकेटं मिळतात. वीस-बावीस किलोच्या अंगाला ते ओझं मला पटत नाही. फुगणाऱ्या दाण्यांची अस्तरं असलेली चावखोर कुत्र्यापासून लांबच बरी. आणि साखळी जॅकेटला कधीही अडकवू नका. डोक्यापेक्षा मान रुंद असलेला कुत्रा मागे सरकून पट्ट्यातून सुद्धा निसटतो, मग जॅकेटमधून निसटायला त्याला किती वेळ लागणार?

माप जुळलं तरी या जॅकेटला सगळीकडे सारखं जगता येत नाही. त्याला कोरडी हवा लागते आणि वारा लागतो. आमच्याकडे दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली, तर सावलीत वारा खाणारं ओलं कापड २४ अंशांच्या आसपास उतरू शकतं. माझी बहीण ठाण्याला राहते. तिकडे ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असताना तेच कापड २९ अंशांपाशी थांबतं. पारा आठ अंशांनी कमी असूनही तिथलं ओलं कापड इथल्यापेक्षा पाच अंशांनी गरम! दमट हवेत पाणी उडायला जागाच नसते. कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हे जॅकेट काही वेळ गार पाण्याचा स्पर्श देतं आणि मग ओल्या घोंगडीसारखं अंगावर पडून राहतं. तिथे पंखा, सावली आणि पहाटे लवकर फिरणं यांवर भर द्यावा, असं मी बहिणीला सांगितलं आहे. ती जॅकेट वापरत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

कोरड्या हवेतसुद्धा त्याचा एक काळ असतो. उन्हात आणि वाऱ्यात त्याचं पाणी तास-दीड तासात, कधी त्याहून लवकर संपतं. पाणी संपलेलं जॅकेट कुत्र्याच्या अंगावर राहिलं तर ते तीन थरांचं पांघरूण होतं. हा त्याचा सर्वांत धोक्याचा भाग, आणि तो बाहेरून दिसत नाही, कारण वरचा थर आधी सुकतो की आतला, हे डोळ्यांना कळत नाही. हात घालून पाहावं लागतं. मी दर थोड्या वेळाने हरणीच्या जॅकेटखाली तळहात सरकवते. गार लागलं तर चालू द्यायचं, कोमट लागलं तर तिथेच बाटलीतलं पाणी ओतायचं किंवा काढून हातात घ्यायचं. घरात शिरल्याबरोबर ते काढायचंच. बंद खोलीत वारा नसतो, आणि वारा नसला की त्याचं काम थांबतं.

त्याच्या भरवशावर भर दुपारी कुत्रा बाहेर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या उष्माघाताच्या सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणांमागे धावणं, चालणं, खेळणं हे कारण निघालं; बंद गाडीचा वाटा त्यामानाने थोडा होता. लॅब्रेडॉरपेक्षा जास्त धोका असलेल्या जातींमध्ये चपट्या नाकाच्या जातींबरोबर ग्रेहाऊंडचंही नाव त्याच संशोधकांच्या नोंदींत आहे. सडपातळ, निरोगी, चपळ कुत्रा उन्हाला भीक घालत नाही असं आपल्याला वाटतं. तो भीक घालत नाही हे खरं, आणि म्हणूनच तो थांबत नाही. थांबवायचं आपण. माणदेशातली धनगराची कारवानी उन्हात वाढलेली असते आणि दुपारी स्वतःच बाभळीखाली पडून राहते. एसीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या कारवानीला ते अंगवळण नसतं. रस्त्याच्या डांबरावर हाताची पालथी बाजू काही सेकंद ठेवता आली नाही, तर पंजाच्या गाद्यांसाठी कुठलंच जॅकेट नाही.

जीभ रुंद होऊन बाहेर लोंबू लागली, हिरड्या गडद लाल झाल्या, चाल लटपटली, उलटी झाली, की जॅकेटचं काम संपलं. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढे गेलं की जिवावर बेतू शकतं. अशा वेळी जॅकेट आधी काढा. अंगावर भरपूर पाणी ओता, पंख्याचा किंवा पुठ्ठ्याचा वारा घाला, आणि मग गाडीत घालून डॉक्टरांकडे न्या. आधी गार करायचं, मग न्यायचं, हा क्रम पशुवैद्य आवर्जून सांगतात. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका. तो उष्णता कोंडतो, आणि अंगावर राहिलेलं जॅकेटही तेच करतं.

जॅकेट म्हातारं होतं ते आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. उन्हाळाभर वापरलं की मधला थर ताठ होतो, कडांवर पांढरी रेघ उमटते आणि ते पूर्वीइतकं पाणी पीत नाही. शेवटचं बुचकळणं नळाच्या गोड्या पाण्यात केलं तर ते बराच काळ मऊ राहतं. ओलं असताना घडी करून पिशवीत ठेवलं की बुरशी धरतं आणि वास सुटतो, तो जात नाही. चिकटपट्टी असली तर तिच्यात केस अडकून ती धरायची बंद होते. बकल जास्त टिकतं. हरणीच्या जॅकेटची जाळी आता दोन ठिकाणी विरली आहे आणि शिंपीकाकांनी तिथे मलमलीचं ठिगळ लावलं आहे. मलमल ओली राहते, अंगाला टेकते, घासत नाही.

२००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली. हिमालयन शीपडॉग, रामपूर हाऊंड, मुधोळ हाऊंड आणि राजापालयम. चारांपैकी तिघे सडपातळ, खोल छातीचे, बारीक कंबरेचे. तमिळनाडूतले चिप्पीपराई आणि कन्नी हेही त्याच बांध्याचे. या देशातला उन्हाळा आणि या देशातले धावणारे कुत्रे यांना जोडणारं कापड इथे शिवता येतं, हे पोळ्याच्या झुली शिवणाऱ्या एका माणसाने मला दाखवलं. कुत्र्यांचे कपडे बनवणाऱ्या इथल्या उद्योजकांना माझं एवढंच सांगणं आहे: तुमच्या मापाच्या तक्त्यात कंबरेचा चौथा रकाना घाला, आणि नमुना बेतायला एखादी कारवानी बोलवा. तोवर वाचकांनी लॅब्रेडॉरच्या मापाचं जॅकेट घेऊन, ते बादलीत भिजवून, कुत्र्यासकट जवळच्या शिंप्याकडे जावं. दोन टक आणि एक गोट यांना फार पैसे पडत नाहीत.